बादलीतले वड

"फांदी घरात आणायची न्हाई, बन्सी. झाडाचे हात तोडून त्यालाच आयुष्य मागायचं, ही कोणती रीत? झाडापाशी जायचं. सुमनला दर साली तू स्वतः सोबत नेशील, असा शब्द दे."

पार्वतीबाईंनी शेवटच्या आजारात हे सांगितलं, आणि बन्सीधर गुरुजींनी आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. गुरुजी शब्दाचे पक्के होते. फक्त त्यांचा शब्द आणि वटपौर्णिमा यांची काही केल्या गाठच पडत नव्हती. पहिल्या वर्षी त्यांना ताप आला. दुसऱ्या वर्षी निवडणुकीचं काम लागलं. पुढच्या वर्षी ऐन निघताना चपलेचा अंगठा तुटला, आणि तुटक्या चपलेनं देवाच्या कामाला जाणं गुरुजींना बरं वाटेना. सोनवाडीत वड होता एकच, तोही गावाबाहेर ओढ्यापलीकडे, झरी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर. ज्येष्ठात एक सर पडली की मधल्या काळ्या रानाचा चिखल असा धरायचा, की माणूस पुढे आणि चप्पल मागे. म्हणून गावच्या बायकांनी सोय लावून घेतली होती: लिंबाजीनं पौर्णिमेच्या सकाळी बैलगाडी घेऊन जायचं, गाडीभर फांद्या तोडून आणायच्या आणि घरोघर एकेक टाकायची. बादलीत पाणी, पाण्यात फांदी, फांदीला सूत. पूजा झाली.

गुरुजींच्या घरात मात्र फांदी येत नसे. सुमनबाई उपास करायच्या आणि दारात उभ्या राहून झरीच्या दिशेनं हात जोडायच्या. नवऱ्याला त्या काही म्हणाल्या नाहीत. सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि मधले बिननावाचे उपास करणाऱ्या बाईला बोलायला ताकद तरी कुठून असणार, अशी गुरुजी स्वतःची समजूत घालायचे. पण ती न बोलण्याची गोष्ट त्यांना बरोबर ऐकू यायची.

एशियाडनंतरचे दिवस. आबासाहेबांच्या माडीवर गावातला पहिला टीव्ही आला होता, आणि त्याच सुमारास तालुक्याहून शाळेत एक तक्ता आला. गावातल्या सगळ्या झाडांची नोंद करायची. झाडाचे नाव, संख्या, शेरा. तीन रकाने, खाली गोल शिक्का. मुदत पंधरवड्याची. मुख्याध्यापक रजेवर गेले, म्हणजे तक्ता बघूनच गेले, आणि काम चित्रकलेच्या बन्सीधर गुरुजींकडे आलं.

आता इथे गुरुजींचा स्वभाव सांगायला हवा. त्यांना एकसारखेपणाचं वेड होतं. घरातले डबे उंचीनं लावलेले, धोतराच्या निऱ्या पट्टीनं मोजलेल्या. एकदा सुमनबाईंच्या पोळ्यांवर त्यांनी कंपास ठेवून पाहिला होता. पोळ्या बरोबर निघाल्या, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. तेव्हा तक्ता हातात पडताच गुरुजींनी गावातल्या तिन्ही आळ्यांच्या मोजणीदारांना शाळेत बोलावलं आणि फळ्यावर नियम लिहून दिले. शाई जांभळीच. समास दोन बोटं. आकडे देवनागरी. शेवटी रेघ दोनदा, आणि दोन्ही रेघा समांतर.

"समजलं?" त्यांनी विचारलं.

"समजलं की," लिंबाजी म्हणाला. "पर गुरुजी, झाड कसं मोजायचं?"

गुरुजी हसले. असल्या अडाणी प्रश्नाला हसण्याखेरीज सुशिक्षित माणूस करणार काय? "अरे, झाड म्हणजे झाड! एक, दोन, तीन."

त्या हसण्याची किंमत पुढे सगळ्या गावानं मोजली.

वरच्या आळीची मोजणी आबासाहेबांकडे होती. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे शेतकरी. टीव्ही त्यांचा, ट्रॅक्टर त्यांचा आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांनी बांधावरची झाडं मोजायला दोन्ही बाजूंच्या मालकांना बोलावलं. प्रत्येकानं बांधावरचं झाड आपलं म्हणून सांगितलं. भांडण नको म्हणून आबासाहेबांनी दोघांच्याही नावावर लावलं. असा वरच्या आळीत निंब एका दुपारीत दुप्पट झाला, आणि कोणाची तक्रार राहिली नाही.

खालची आळी लिंबाजीकडे. लिंबाजीचा जन्म बैलांच्या मागे गेला. झाडाखाली किती बैलजोड्या बसतात, हीच त्याला ठाऊक असलेली मोजणी. शाळेच्या मागच्या चिंचेपुढे त्यानं चार लिहिले. बाभळीपुढे लिहिलं अर्धं. "अर्धं कसं रे?" असं कोणी विचारलं, तर तो म्हणाला, "एकच बैल मावतो की! दुसऱ्याला ऊन लागतं."

मधली आळी मिळाली चतुराबाईंना. या गुरुजींच्या शेजारी राहायच्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष, पापडाच्या पुढारी, आणि सल्ला द्यायला कधी कोणाच्या विचारण्याची वाट न पाहणाऱ्या. मधली आळी झाली तेव्हा त्यांना वाटलं, वडाची ओळ तर बायकांचीच. ती आपण सगळ्या गावाची करावी. आणि नेमकी कालच वटपौर्णिमा झालेली. चतुराबाई दारोदार गेल्या.

"वड हाय का गं घरात?"

"हाय की आक्का. बादलीत हाय."

"लिहिते."

घरटी एक वड. ज्या घरी दोन सुना, तिथे दोन. एका सासूचं आणि सुनेचं पटत नव्हतं, त्यांच्या घरी तीन: सासूचा, सुनेचा, आणि भांडण मिटावं म्हणून आणलेला तिसरा. सुमनबाईंच्या घरात मात्र फांदीच नव्हती.

"अगं, मास्तराचं घर आन् वड न्हाई?" चतुराबाई हळहळल्या. "लोक काय म्हणतील?" आणि त्यांनी एक वड स्वतःच्या पदरचा घालून गुरुजींच्या नावावर लिहिला. इज्जतीचा प्रश्न होता.

मुदतीच्या आदल्या दिवशी तिन्ही कागद गुरुजींपुढे आले. जांभळी शाई. दोन बोटं समास. समांतर रेघा. गुरुजींचा ऊर भरून आला. बैलजोड्या, दुहेरी बांध आणि बादल्या यांची त्यांनी एकाखाली एक मांडणी केली आणि ठासून बेरीज मारली. बेरीज एकदम बरोबर होती. दोनदा तपासली होती. वडाच्या ओळीत दोनशेच्या वरचा आकडा आला तेव्हा क्षणभर त्यांचा हात थांबला. पण आकडा इतका सुबक अक्षरात होता, की त्याच्यावर संशय घेणं त्यांच्या जिवावर आलं.

पंधरा दिवसांत तालुक्याला समारंभ झाला. सबंध तालुक्यात एवढे वड कुठेच नव्हते. साहेबांनी भाषणात सोनवाडीला 'वडांची वाडी' म्हटलं आणि गुरुजींच्या खांद्यावर शाल घालून हातात नारळ दिला. गुरुजी एसटीनं परत आले, तेव्हा भर उकाड्यातही शाल अंगावरच होती. कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, थंडी वाजून आली का?" गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मानाची शाल काय असते, हे कंडक्टरला कोण सांगणार?

नारळाची चटणी झाली. शाल खुंटीवर लागली. आणि आठवड्यानं झरीकडून रस्त्याचे मुकादम आले, हातात चुन्याचं डबडं घेऊन. रस्ता सरळ करायचा होता. वळणावरच्या वडाच्या बुंध्यावर त्यांनी पांढरी फुली मारली.

बातमी आली तेव्हा गुरुजी जेवायला बसले होते. ते तसेच, खरकटा हात घेऊन धावले.

"मुकादम, हे काय करायलाव? गावातलं जुनं झाड आहे हे!"

"कशाला तळमळायलाव गुरुजी?" मुकादम शांतपणे म्हणाले. "तुमच्या गावात दोनशेच्या वर वड हायेत म्हणं. साहेबांनी सांगितलं, एक गेला तर कळायचंबी न्हाई. पुढच्या महिन्यात माणसं येतील कुऱ्हाडी घेऊन."

गुरुजी घरी आले, ते भिंतीकडे तोंड करून बसले. सुमनबाईंनी हातावर पाणी घातलं. "झाड जाणार?" एवढंच त्यांनी विचारलं. मग त्या देवापुढे जाऊन बसल्या आणि त्या रात्री त्यांनी पान वाढून घेतलं नाही. गुरुजींनी वार आठवून पाहिला. त्या दिवशी कोणताच उपास नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी तालुक्याला गेले. दुरुस्तीची दरखास्त दिली: वड दोनशेच्या वर नसून एक आहे. कारकुनानं चष्मा वर केला.

"आकडा खाली आणायचा म्हणता?"

"हो. चूक झाली होती."

"गुरुजी, झाडं वाढतात. कमी कशी होतील? कमी झाली म्हणजे कोणीतरी तोडली. तोडली म्हणजे गुन्हा. आता सांगा," कारकुनानं पेनाचं टोपण काढलं, "कोणी तोडली?"

"अहो, कोणी तोडली नाहीत! ती नव्हतीच!"

"नव्हती तर तुम्ही शाल कशाची घेतली?"

गुरुजी परत निघाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर दोनशेहून अधिक वड तोडल्याचा संशय होता, आणि खरा वड तुटायच्या वाटेवर होता. शिवाय कारकुनानं वर लिहून दिलं होतं: जागेवर तपासणी करावी. तपासणीसाहेब दत्तराव येत्या सोमवारी जीपनं येणार.

गाव शाळेत जमलं. अशा वेळी गावाकडे सल्ले भरपूर असतात. आबासाहेब म्हणाले, साहेबांना रानात नेऊच नका, माडीवर टीव्ही लावून बसवू. लिंबाजी म्हणाला, साहेबांना विचारा, बैलजोडीच्या हिशेबानं त्या एका वडाखाली किती जोड्या बसतात. ते आठवून तो स्वतःच आनंदला. पण चतुराबाई उभ्या राहिल्या.

"त्यात काय मोठं? फांद्या हायेत की अजून बादलीत! काहींना तर कोंब फुटायलेत. रस्त्याच्या कडेनं रोवू. साहेब जीपमधी बसून बघणार. जीप पळती. पळत्या जीपमधून फांदी काय आन् झाड काय!"

"हे खोटं आहे," गुरुजी म्हणाले.

"खोटं कसं? पूजा केलेले वड हायेत. तुमच्या नावाचा तर मी माझ्या पदरचा घातलाय!"

गुरुजींना नाही म्हणायला हवं होतं. पण प्रश्न अब्रूचा होता. रविवारी सगळं गाव रस्त्यावर उतरलं. गुरुजींनी एकच अट घातली: अंतर सारखं हवं. त्यांनी सुतळी धरली आणि फांद्या एका ओळीत, सरळ, समांतर रोवून घेतल्या. सोनवाडीच्या इतिहासात इतकं देखणं जंगल झालं नव्हतं. प्रत्येक झाड कमरेएवढं होतं आणि जवळजवळ सगळ्यांना अजून सूत गुंडाळलेलं होतं.

सोमवारी सकाळी सुमनबाई महादेवाला गेल्या, आणि चतुराबाईंची शेळी दावं तोडून रस्त्यावर गेली. शेळीनं आपल्या बहिणींना बोलावलं. वडाचा पाला शेळ्यांना किती आवडतो, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या सकाळी ते कोणालाही आठवलं नाही. जीप ओढ्यापाशी आली, तेव्हा अर्ध्या जंगलाचे नुसते दांडे उरले होते आणि उरलेल्या अर्ध्यात शेळ्या होत्या.

जीप पळणार होती, पण ती पळाली नाही. चिखलानं तिलाही धरलं. दत्तरावसाहेब खाली उतरले. सडपातळ माणूस, हातात छत्री, चेहऱ्यावर फार दिवसांची झोप. तोल सावरायला त्यांनी जवळच्या वडाचा आधार घेतला. वड त्यांच्या हातात आला.

साहेबांनी हातातल्या वडाकडे पाहिलं. खालून, वरून. मग सुताकडे.

"गुरुजी," ते म्हणाले, "हे झाड आहे?"

गुरुजींनी तोंड उघडलं. खरं तर पूजेतला वड, शास्त्राप्रमाणे वडाचंच रूप, असं काहीतरी सांगायची त्यांची तयारी होती. पाठही करून ठेवलं होतं. पण मागे चुन्याची फुली दिसत होती, आणि शेजारी महादेवाहून तशाच आलेल्या सुमनबाई, हातात रिकामा तांब्या. आणि एवढ्या वर्षांनी आईचा आवाज कानात अगदी स्पष्ट झाला. झाडापाशी जायचं.

"नाही साहेब," गुरुजी म्हणाले. "आपण ज्याच्यापाशी जातो ते झाड. जे तोडून आपल्यापाशी आणलं, ते झाड नव्हे. आमच्या गावात वड एकच आहे. तो पलीकडचा. फुली मारलेला. बाकी सगळे बादलीतले होते."

"अयाया," चतुराबाई पुटपुटल्या. "सगळंच सांगितलं की."

साहेब चिखल तुडवत वडाखाली गेले आणि पारंबीजवळच्या दगडावर बसले. गाव मागोमाग. गुरुजींना वाटलं, आता बेड्याच. पण साहेबांनी तोंडावरून रुमाल फिरवला आणि विचारलं, "तुम्हाला तक्ता पाठवला, त्यात झाड म्हणजे काय, हे कोणी लिहिलं होतं?"

"न्हाई," लिंबाजी पुढे झाला. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. गुरुजी हसले."

गुरुजींनी मान खाली घातली.

"तुमचं बरं म्हणायचं," साहेब थकून म्हणाले. "एका गावानं कुंडीतल्या तुळशी मोजल्या. एकानं शेवग्याच्या शेंगा. एकानं नुसतं लिहिलं, 'पुष्कळ'. मी या सगळ्यांची बेरीज करून जिल्ह्याला पाठवलीय. 'पुष्कळ'ची बेरीज कशी करायची, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मग त्या वडाखाली बसून नियम झाला. साधा आणि सगळ्यांसाठी एकच. झाड म्हणजे जे स्वतःच्या मुळावर, आपल्या जागी उभं आहे. बांधावरचं झाड एकदाच. भांडण मालकांनी आपापसांत मिटवावं. सावली मोजायची नाही. लिंबाजीनं शेवटपर्यंत हुज्जत घातली: मग मोठ्या चिंचेला आन् बारक्या बाभळीला एकच आकडा? हा चिंचेवर अन्याय नव्हं का? साहेबांनी विचार केला आणि त्याच्यासाठी एक नवीन रकाना काढला: सावली, बैलजोड्यांत. लिंबाजी एवढा खूश झाला, की जीप ओढायला त्यानं आपले बैल दिले.

अडचण राहिली एकच. दोनशेहून अधिक वड कमी झाले, त्याचं कारण शेऱ्यात लिहायला हवं. नाहीतर कारकून गुन्हा नोंदवल्याशिवाय राहणार नाही. शेवटी गुरुजींनीच पेन मागून घेतलं, आणि साहेबांच्या कागदावर, आपल्या सगळ्यात सुबक अक्षरात लिहिलं: 'पूजेनंतर विधिवत विसर्जन.'

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरची झोप पहिल्यांदाच उडाली. "याला कोणताही कारकून हात लावणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली. जायच्या आधी त्यांनी मुकादमाच्या नावानं चिठ्ठी दिली: गावातला एकमेव वड, तोडू नये. फुली मात्र राहिली. चुना पक्का होता.

शाल परत करावी लागली. नारळही. कारकुनानं सांगितलं, शाल आणि नारळ एकाच पावतीवर दिले होते, तेव्हा परतही एकत्रच हवेत. गुरुजींनी बाजारातून नवीन नारळ घेतला. तो जुन्यापेक्षा लहान आहे, अशी कारकुनानं पावतीवर नोंद केली. परतताना एसटीत तोच कंडक्टर भेटला. "बरं वाटायलंय का आता, गुरुजी?" त्यानं आपुलकीनं विचारलं. गुरुजींनी या वेळी त्याच्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

वर्ष सरलं. रस्ता सरळ झाला, फक्त वडापाशी त्यानं थोडी मान वळवली. पुन्हा ज्येष्ठ आला, सर पडली, काळ्या रानानं चपला धरायला सुरुवात केली. पौर्णिमेच्या सकाळी लिंबाजीनं गाडी जुंपली नाही. तो म्हणाला, झाडाच्या फांद्या तोडल्या की सावली कमी होते, आणि सावलीचा रकाना आता सरकारी आहे. चतुराबाईंनी दारातूनच सल्ला दिला, "गुरुजी, वसमतच्या बाजारात फांद्या मिळतात म्हणं. जाता का? माझीबी आणा!"

गुरुजींनी देवघरातून तांब्याचा कलश घेतला, विहिरीवर नेऊन भरला. फडताळातली सुताची गुंडी खिशात टाकली. चपला घातल्या, अंगठा ओढून पाहिला. मग चपला काढून दाराच्या मागे नीट जोडीनं ठेवल्या आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं. निऱ्या एकसारख्या आल्या नाहीत. त्यांनी तशाच राहू दिल्या.

सुमनबाई पूजेचं ताट घेऊन दारात आल्या होत्या, झरीच्या दिशेनं हात जोडायला. त्यांनी नवऱ्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"लांब हाय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," गुरुजी म्हणाले, आणि कलशातलं पाणी सांडू नये आणि सुमनबाई मागे पडू नयेत म्हणून हळूहळू, ओढ्याच्या वाटेला लागले.